डोळ्याचा ब्लॉक आणि थरथरणारी धमनी

मे महिन्यात जळगावात सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. अमळनेरकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलेले बाबा ऑपरेशन टेबलावर होते. एक डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला आणि उरलेल्या डोळ्याचं प्रेशर थेंबांना दाद देत नव्हतं, म्हणून आज ऑपरेशन. मी भूलतज्ज्ञ. डोळ्याच्या भोवती 4 मिली बधिर करणारं औषध दिलं, यालाच ब्लॉक म्हणतात. धमन्या आक्रसतात म्हणून त्यात अॅड्रेनॅलिन घातलं नव्हतं, आणि औषध पसरावं म्हणून एरवी तळव्याने डोळा दाबतात, तेही टाळलं.

पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "डॉक्टर, माले काहीच दिसत नही."

ब्लॉकने डोळ्याची नसही बधिर होते, त्यामुळे दिसणं अंधूक होणं, कधी पार जाणंही नेहमीचंच. पण तिकडचा रक्तपुरवठा तुटला तरी माणूस नेमकं हेच बोलणार. पेशंटच्या शब्दांवरून दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून आत बघावंच लागतं. मॉनिटरवर रक्तदाब 112/64 वरून 90/50 वर आला होता. पहाटे घेतलेली रक्तदाबाची गोळी, उपाशी पोट, घाम. टोनोमीटरने डोळ्याचं प्रेशर 34 दाखवलं. नॉर्मल डोळ्यात ते 10 ते 21 असतं.

हिशेब सोपा आहे आणि तितकाच निष्ठुर. डोळ्यात रक्त ढकलणारा दाब म्हणजे धमनीतला दाब वजा डोळ्यातला दाब. खोबणीत औषध भरलं की दुसरा वाढतो, इथे पहिलाही उतरला होता. काचबिंदूने पोखरलेल्या नसेला एवढाही ताण पेलत नाही.

मोतीबिंदू आधीच काढलेला असल्याने आतलं स्वच्छ दिसत होतं. डोळ्याच्या आत बघायचा ऑप्थॅल्मोस्कोप लावला. नसेच्या तोंडाशी धमनी प्रत्येक ठोक्याला भरत होती आणि लगेच चपटी होत होती. निरोगी डोळ्यात ती अशी थरथरत नाही. ठोका ओसरला की डोळ्यातला दाब तिला मिटवत होता.

मी सलाइन वेगाने सोडलं आणि रक्तदाब वाढवणाऱ्या मेफेन्टरमाईनचा छोटा डोस दिला. सर्जन मॅडमनी बुबुळाच्या कडेला बारीक छेद घेऊन आतलं पाणी हळूहळू सोडलं, एकदम नाही, कारण दाब झटकन उतरला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाब 118/70 वर आला. पुन्हा पाहिलं तेव्हा धमनी स्थिर भरलेली होती. मगच ऑपरेशन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर बाबांनी मॅडमची बोटं मोजली, आधी मोजली होती तितक्याच अंतरावरून. मुलाने विचारलं, पुढच्या वेळी ती गोळी द्यायची का? मी सांगितलं, ऑपरेशनच्या सकाळी गोळी आम्हाला विचारून द्या, आणि पाणी कधीपर्यंत पाजायचं तेही आदल्या दिवशी विचारून ठेवा.