करडा कोट चहाच्या रंगाचा कसा?

आमच्याकडे पेनसिल्व्हेनियाला पाहुणे आले की गेटिसबर्गची, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या रणभूमीची, फेरी ठरलेली. आणि संग्रहालयात काचेच्या कपाटापुढे उभं राहून प्रत्येक जण विचारतो, "उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे करडे ना? मग हा कोट चहाच्या रंगाचा कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. करडा रंग कागदावर होता. दक्षिणेच्या १८६१ च्या नियमावलीत करड्या कापडाचा लांब कोट लिहिलेला आहे. पण उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली, बाहेरून येणारे रंग आणि कापड दुर्मीळ झालं. मग कोट आखूड झाले, घरच्या मागावरचं कापड आलं आणि ते आसपासच्या झाडांवर रंगू लागलं. बटरनट हा अक्रोडाचा भाऊबंद. त्याची साल नि फळांची टरफलं उकळायची, रंग धरावा म्हणून हिराकस टाकायचं. आपल्याकडे हिरड्याच्या शाईत पडायचं तेच. यातून निघतो पिवळट तपकिरी रंग. तो इतका सर्रास झाला की शिपायांनाच 'बटरनट' म्हणू लागले. शिवाय लॉगवूडच्या लाकडापासून केलेला करडा रंग उन्हात विटून तपकिरी व्हायचा. म्हणजे कपाटातला तो कोट शिवला तेव्हा करडा असेलही.

मळ्यांवर ही कताई, विणाई, रंगाई गुलाम बायकांकडून करून घेत. त्यांची गुलामी टिकवायला निघालेल्या फौजेच्या अंगावर त्यांच्याच हातचं कापड. "किती रुबाबदार!" असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं.

आणि निळा तरी कुठे पक्का? सुरुवातीला ज्या त्या पलटणीने आपल्या मर्जीचे कपडे घातले होते. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत उत्तरेच्या एका तोफा-तुकडीचा कप्तान ग्रिफिन समोरून येणाऱ्या निळ्या पलटणीवर तोफा डागणार होता. वरिष्ठ अधिकारी बॅरी म्हणाला, थांब, ती आपलीच माणसं आहेत. ती होती दक्षिणेची ३३ वी व्हर्जिनिया. तिने जवळून गोळ्या झाडल्या आणि तोफा घेतल्या. त्याच लढाईत उत्तरेची दुसरी विस्कॉन्सिन पलटण करड्या कपड्यांत होती. तिने स्वकीयांच्याच गोळ्या खाल्ल्या.

आमच्या मागच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं झाड आहे. एका शरदात मी त्याची टरफलं उकळून लोकरीचे तीन तुकडे रंगवले. झाड एक, पातेलं एक, पण तिन्हींचा रंग वेगळा! एका पलटणीतले दोन कोट जुळत नसत, यात मला आता नवल वाटत नाही. हातमोजे घालायचं मात्र सुचलं नाही. नवरात्रात हळदीकुंकवाला गेले तर शेजारच्या काकूंनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "मेंदी बिघडली का गं?"