नळ सगळे बंद, तरी पंप चालूच!

त्या दिवशी दुपारी वारा पूर्ण पडला आणि शिडं गुंडाळून आम्हाला बराच वेळ इंजिनवरच यावं लागलं, संध्याकाळी खाडीत नांगर टाकला, जेवणं झाली, आणि जरा शांतता होते न होते तोच खालून घर्रर्र. दोन सेकंद चालून बंद. थोड्या वेळाने परत तेच. गोड्या पाण्याचा पंप, आणि एकही नळ उघडा नाही.

शिडाच्या बोटीवर हा आवाज ऐकून कूस बदलून झोपू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नळ उघडला की लाइनमधलं प्रेशर उतरतं आणि ते साधारण 25 पीएसआयला (प्रेशर मोजायचं एकक) आलं की प्रेशर स्विच पंप चालू करतो, 40-45 ला गेलं की बंद. म्हणजे नळ बंद असताना पंप लागतोय तर पाणी कुठूनतरी जातंयच, आणि पुढचे काही दिवस टाकीत आहे तेवढंच पाणी पुरवायचं होतं.

स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणाला, पंपच गेला असेल, स्पेअर काढूया. मी म्हटलं थांब, आधी लाइनचा एकेक भाग बंद करून बघू. पंप चालतोय पण पाणी येत नाही किंवा नळ फुसफुसत हवा सोडतोय असं असतं तर मी टाकीकडची बाजू धरली असती, म्हणजे फिल्टरच्या झाकणाची रिंग, सैल क्लॅम्प, टाकीचा बुजलेला व्हेंट (हवेचं भोक). पण आमची धार छान भरून येत होती. मग पंपाच्या लगेच पुढचा कॉक बंद केला आणि वाट बघत बसलो. आवाज नाही! पंपाचा आतला व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असता तर कॉक बंद असूनही तो लागलाच असता, म्हणजे पंप निर्दोष. मग तो कॉक उघडून फक्त पाणी तापवणाऱ्या हीटरकडे जाणारा बंद केला, तरी शांत. बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या जागेत, हाताचं बोट बुडवून चव घेतली तर पाणी गोडं, खारट नाही. हीटरच्या रिलीफ व्हॉल्व्हची (प्रेशर जास्त झालं की पाणी बाहेर सोडतो तो) नळी तिथेच सुटते आणि तिच्या टोकाला थेंब लोंबत होता.

लिव्हर उचलून व्हॉल्व्ह जोरात वाहू दिला (पाणी चटका लावण्याइतकं गरम होतं, हात लांब ठेवा), बहुतेक व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या सीटवर कचऱ्याचा कण अडकला होता, कारण लिव्हर सोडल्यावर थेंब थांबला.

पण व्हॉल्व्ह मुळात उघडलाच का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. इंजिनच्या उष्णतेवर हीटर तापतो, आणि 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 75 पर्यंत गेलं की जवळजवळ अर्धा लिटर वाढतं, ते मागे टाकीत जाऊ शकत नाही कारण पंपाचा व्हॉल्व्ह अडवतो, म्हणून त्याला जागा द्यायला अॅक्युम्युलेटर असतो, आत रबरी फुगा आणि त्याच्याभोवती हवा. आमच्यातली हवाच उतरली होती! नळ थोडासा उघडला की पंप टकटकटक चालू-बंद व्हायचा ते पण यामुळेच. सकाळी पंपाचा ब्रेकर पाडला, नळ उघडून प्रेशर शून्यावर आणलं, आणि सायकलच्या पंपाने 22-23 पीएसआय हवा भरली, म्हणजे पंप लागतो त्याच्या जरा खाली. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं असतं तर फुगा फाटलाय असं समजून अॅक्युम्युलेटरच बदलावा लागला असता, पण नाही आलं.

पुढच्या टप्प्यातही इंजिन चाललं, हीटर तापला, नळी कोरडी राहिली. तरी एकदा गळलेला रिलीफ व्हॉल्व्ह मी पुढच्या बंदरात बदलणार आहे, आणि रात्री झोपताना व बोट सोडून जाताना पंपाचा ब्रेकर बंद ठेवायचा हे आता आमच्या बोटीवर पक्कं झालंय, कारण एखादा पाइप सुटला तर हा पंप निमूटपणे अख्खी टाकी बिल्जमध्ये ओतेल.