लाईटबिलाच्या नादात पोरगी स्प्रेडशीट शिकली

मुलांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की मी हल्ली सांगते, आधी घराचा लाईटचा मीटर दाखवा, कोडिंगचे क्लास नंतर बघू.

आमची लेक सहावीत आहे. बिल वाढून आलं की एसी, गीझर की फ्रीज यावर घरात वाद ठरलेलाच, म्हटलं तूच शोधून काढ. मग रोज संध्याकाळी जिन्याखाली जाऊन रीडिंग घ्यायचं, गुगल शीटमध्ये टाकायचं, आजच्यातून कालचं वजा केलं की दिवसाचे युनिट. आधी वहीत वजाबाकी करून आकडे भरायची, मग फॉर्म्युला एकदा लिहून खाली ओढला की सगळी कॉलम भरते हे कळल्यावर तिने आधीचं सगळं पुसून पुन्हा केलं, कुणी न सांगता!

खरी मजा मीटरवरच्या लाल लाईटमध्ये आहे. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे तो लाईट ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्या). घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवला, तर नुसत्या डोळ्यांनी मोजताना गोंधळ व्हायला लागला, मग तिनेच मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि स्लो करून मोजला. शंभराच्या वर आले. गीझर २००० वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासात एक युनिट, मिनिटाला साधारण १०७ यायला हवेत, हिशोब जुळला! मोबाईल तोच, पण त्या अर्ध्या तासात तिला रील्सची आठवणही आली नाही.

पुढे बिलाचे स्लॅब आले, पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा. इथे तिला 'इफ' लागलं, म्हणजे अट बघून वेगवेगळा हिशोब करणारा फॉर्म्युला. कंस चुकायचे, एरर यायची, मी मुद्दाम हात लावला नाही, फक्त कुठल्या सेलमध्ये काय आलं ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचता वाचता तिलाच चूक सापडायची. असं शिकलेलं विसरत नाहीत मुलं.

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, मोबाईल नसताना चार्जर प्लगमध्ये राहिला तर भरपूर वीज जाते म्हणून. तिने तोही तपासला, घरात फक्त तो चार्जर चालू ठेवून. लाईट लुकलुकेचना. आता कुठलाही फॉरवर्ड आला की "हे कसं मोजलं?" विचारते, आणि मला वाटतं हे फॉर्म्युल्यापेक्षा मोठं शिक्षण आहे.

एकच सांभाळा, मीटर लांबूनच बघायचा, मेन स्विच मोठ्यांनीच बंद करायचा. आणि मुलांनी बिलाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्यावरचं नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक झाकायला लावा, का झाकायचं तेही सांगा.