आठवीच्या वर्गातली पालकसभा

फळ्यावर लिहिलं होतं, 'आरोग्यविषयक मार्गदर्शन'. आत शिरताना मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, जरा जपून बोला. वडील मंडळी आहेत." मी स्त्रीरोगतज्ज्ञ. ती सवय कधीच सुटलीय.

सोलापूर जिल्ह्यातलं गाव, डिसेंबर 2024. मुलींच्या एचपीव्ही लसीचा खर्च एका ट्रस्टने उचललेला, फक्त पालकांच्या सह्या हव्या होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर म्हटल्याबरोबर बायकांच्या माना खाली. मी तो ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूबद्दल सांगत गेले. तो बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो, पण काहींच्यात ठाण मांडून बसतो आणि पुढे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होतो. असे दहातले सात कॅन्सर 16 आणि 18 नंबरच्या दोनच प्रकारांमुळे होतात. लस पुण्याच्या सीरमची, हे ऐकल्यावर चेहरे जरा सैलावले.

मूल होण्यात अडचण येईल का, हे विचारलं गेलंच. नाही येत.

मग एक वडील उठले. "संबंधातून होतो म्हणता, मग पोरीला आत्ताच कशाला? आमचा काय तिच्यावर अविश्वास नाय."

मी तोंड उघडायच्या आत मागून एक आजी कडाडल्या, "बियाण्याला औषध पेरायच्या आधी चोळतोस का उगवल्यावर?"

वर्ग हसला. मी एवढंच जोडलं, की विषाणू नवऱ्याकडूनही येतो आणि एकदा शिरला की लस त्याला बाहेर काढत नाही. शिवाय पंधराच्या आत दोन डोस पुरतात, नंतर तीन लागतात.

"आन् आमचं काय?" एका आईने विचारलं. खरं तर इथेच आम्ही कमी पडतो. पोस्टरवर मुलींचे दंड, आयांचा पत्ता नाही. तिशीनंतर तपासणी हवी, लस घेतलेल्या मुलींनाही पुढे हवीच. सरकारी दवाखान्यात सौम्य आम्ल लावून पांढरे डाग बघतात, काही मिनिटांचं काम. शेजारच्या धाराशिवमध्ये लाखाहून अधिक बायकांवर टाटा मेमोरियलने अभ्यास केला होता. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू घटले, हा त्याचा 2009 मधला निष्कर्ष जगभर गाजला. आमच्याच भागात तो कुणाला ठाऊक नाही!

सह्या बऱ्याच झाल्या. त्या वडिलांनी मात्र फॉर्म घडी करून खिशात घातला, "घरी विचारतो."

पहिला डोस जानेवारीत ठरला, म्हणजे दुसरा जुलैत. तोवर मुली नववीत जाणार, तुकड्या बदलणार. मुख्याध्यापकांनी कॅटलॉग मागवला आणि नावांपुढे लाल पेनाने खुणा करायला बसले.