मनातल्या मनात तलवारबाजी

एप्रिलची दुपार. गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तासाभरापूर्वी घातलेली चादर छान कडकडीत वाळलेली, आणि तिच्यावर वरून टप टप पाणी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी साडी न पिळताच दोरीवर टाकतात, हे काही आजचं नाही. मी हातात चिमटा धरून तशीच उभी राहिले आणि मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडले. काय एकेक वाक्यं सुचली! त्यांनी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार. शेवटी त्या निरुत्तर झाल्या, मी चादर आत घेतली, विषय संपला. वहिनींना याचा अर्थातच पत्ता नाही. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तर दोघीही हसून "काय उकाडा वाढलाय ना" एवढंच म्हणणार.

चिनी सिनेमावाल्यांनी हे दुपारचं भांडण केव्हाच पडद्यावर आणून ठेवलंय. झांग यिमोच्या २००२ सालच्या 'हिरो'मध्ये एका चौकात पागोळ्या गळतायत, पटावरचा खेळ मांडलेला आहे, एक आंधळा म्हातारा तंतुवाद्य वाजवतोय. लढाई सुरू होते तसा तो आवरून निघायला लागतो. तर जेट ली त्याला थांबवतो, नाणं देतो आणि म्हणतो, आजोबा, अजून एक होऊ द्या. मग जेट ली आणि डॉनी येन समोरासमोर डोळे मिटून नुसते उभे. लढाई चालते ती दोघांच्या मनात, आणि तेवढ्यापुरता पडद्यावरचा रंग निघून जातो. पाणी गळतंय, सूर चालू आहेत, तलवारी भिडतायत, आणि प्रत्यक्षात कुणी जागचं हललेलं नाही. वाद्याची तार तुटते तेव्हा कुठे खरा वार होतो. एकच.

लहानपणी आम्ही बघितले ते चिनी सिनेमे असे नव्हते. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी पांढरं कापड ताणून बांधायचे. पुढची जागा मोठ्यांनी सतरंज्या टाकून धरलेली असायची, म्हणून आम्ही पोरं कापडाच्या मागे. मागून सगळं उलटं. नायक डावखुरा, खलनायक डावखुरा, सगळा चीन डावखुरा. खाली चिनी अक्षरं यायची तीही उलटी, पण आम्हाला सुलटी दिसली असती तरी काय मोठा दिवा लावणार होतो! वारा आला की कापड फुगायचं आणि ऐन मारामारीत नायकाला पोट सुटायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत हुऽऽऽ करून एकमेकांच्या अंगावर जायचो, तेही डाव्या हाताने. त्या सिनेमांत हाणामारी भरपूर होती, पण एखादी बाई झाडाच्या शेंड्यावर उभी राहून विचार करतेय, असं काही आठवत नाही.

ते बघितलं पुढे 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये. अँग लीचा, २००० सालचा. चौ युन-फॅट आणि झांग झियी बांबूच्या शेंड्यांवर उभे राहून लढतात. लढतात म्हणजे बराच वेळ झुलतातच. बांबू वाकतो, ती खाली जाते, तो वर राहतो. पांढरे झोळदार कपडे आणि भोवती हिरवं बन. त्यांना धरून ठेवणाऱ्या तारा नंतर कॉम्प्युटरवर पुसल्या. हे मला माहीत आहे, आणि तरीही "तारेवर लटकवलंय त्यांना" असं शेजारी बसून सांगणारा माणूस मला सहन होत नाही. तसाच तो "स्टोरी पुढे सरकत नाही" म्हणणारा. किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन'मध्ये तीन तासांच्या सिनेमात पहिली लढाई यायला जवळजवळ तास लागतो. तोवर कोळ्याची जाळी, पडका वाडा, हलणारं गवत. ज्याला घाई आहे त्याने बातम्या बघाव्यात.

'क्राउचिंग टायगर' मी आईबरोबर बघितला. ती तांदूळ निवडत बसली होती. चौ युन-फॅटचं मिशेल योवर प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर आहे, पण तिचं लग्न ठरलं होतं ते त्याच्या मानलेल्या भावाशी. तो मारला गेला. त्याच्या आठवणीला बाध येऊ नये म्हणून दोघं वर्षानुवर्षं गप्प. चहा पितात, तलवारीबद्दल बोलतात, एकदा तो तिचा हात आपल्या गालाशी धरतो, बस्स. आईने परातीतून मान वर केली. "एवढं वाऱ्यावर चालता येतं मेल्याला, आणि एक वाक्य बोलता येत नाही?"

मी म्हटलं, तेच तर आहे गं. ती म्हणाली, तेच काय? मला पुढे सांगता आलं नाही. शेवटी चौ युन-फॅटला विष भिनल्यावर मिशेल यो त्याला सांगते, उरलेला श्वास ध्यानात लाव, आणि तो नेमका तोच श्वास खर्च करून बोलतो. आईने परात बाजूला ठेवली होती. बोलली काही नाही.

तिला जास्त आवडली ती खलनायिका, जेड फॉक्स. गुरू तिला शय्येवर घ्यायला तयार होता, विद्या द्यायला नाही, म्हणून तिने त्याला मारलं. आईचा निकाल लगेच लागला, "तिचं काय चुकलं?" ते काम चंग पेई-पेईचं. १९६६ साली 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये हीच बाई तरुण तलवारबाज नायिका होती. नाच शिकलेली, आणि खानावळीतल्या मारामारीत ते दिसतंच. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, म्हणजे तिथेही वय झालं की बाईला चेटकीणच करतात.

'हिरो' मात्र मी एकटीने बघते. मॅगी चंग आणि झांग झियी लाल कपड्यांत पिवळ्या पानांच्या वावटळीत लढतात. त्या दृश्यासाठी पानं गोळा करून त्यांची प्रतवारी लावली होती, चेहऱ्यासमोरून उडणारी सर्वांत उत्तम. नंतर राजवाड्यात लांबच लांब हिरवे पडदे, त्यांच्या आडून टोनी लिउंग आणि राजा यांची तलवारबाजी, मग एकेक पडदा सळसळत खाली येतो. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा बघते.

आणि दर वेळी राजापाशी अडते. हा चिन नावाच्या राज्याचा राजा, पुढे सगळ्या चीनचा पहिला सम्राट. सिनेमात तो म्हणतो, एकेक अक्षर एकोणीस तऱ्हांनी लिहितात हा काय घोळ, मी एकच ठेवणार. त्याच सिनेमात अक्षरांच्या शाळेवर त्याच्या सैन्याचे बाण पावसासारखे पडतात, पोरं मरतात, आणि म्हातारा गुरू जागेवर बसून लिहीत राहतो. इतिहासात याच राजाच्या नावावर पुस्तकं जाळल्याचीही नोंद आहे. सिनेमा आपल्याला सांगतो की याला मारू नका, सगळा देश एक करायचाय त्याला. राजाला मारायला आलेला जेट ली हे ऐकून तलवार उगारतो आणि मारत नाही. त्या पडद्यांमुळे, त्या पानांमुळे, त्या सुरांमुळे हे पटण्याच्या अगदी जवळ येतं.

मग राजाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तो जेट लीवर बाण सोडायचा हुकूम देतो. त्या पाण्यावर माझा विश्वास नाही.