संकासुराला कधी हरवायचं

आमच्या देवबागात जून ते ऑगस्ट माणसाला फारसं काम नसतं. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही. स्कुबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, जून-जुलै मासेमारी बंद, आणि त्यामुळे आमचं तीन खोल्यांचं होमस्टेही बंद. पडवीला झापं बांधून झाली की मी, सुके बांगडे आणि जुना लॅपटॉप एवढंच उरतं. ह्या लॅपटॉपवर मी गेले तीन पावसाळे कुस्तीची कंपनी चालवतोय. दोन कंपन्या बुडवल्या. तिसरी उभी राहिली, तिची ही हकीकत.

कुस्ती म्हणजे आपली लाल मातीतली नव्हे. टीव्हीवरची, अंडरटेकरवाली. तिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरवणाऱ्याला बुकर म्हणतात. ‘टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग’ ह्या गेममध्ये तो बुकर आपण. अ‍ॅडम रायलंड नावाच्या ब्रिटिश माणसाने हा गेम केला. त्याचाच आधीचा ‘एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज’ फुकट मिळायचा आणि कॉलेजात आमच्या होस्टेलवर पेन ड्राइव्हमधून ह्या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. माझ्याकडे आहे ती २०१६ ची आवृत्ती. नंतर २०२० ची आली, पण माझ्या लॅपटॉपचं वय बघता आम्हा दोघांचं २०१६ वरच बरं चाललंय. हाणामारी बघायला मिळेल म्हणून कुणी हा गेम उघडला तर पाच मिनिटांत बंद करेल. नुसते तक्ते, याद्या आणि मजकूर. बायको त्याला ‘तुझं तलाठी ऑफिस’ म्हणते.

पहिली कंपनी मी फुकट घालवली. गेमबरोबर कॉर्नेलव्हर्स नावाचं एक काल्पनिक जग येतं, त्यातले पैलवान आणि कंपन्या सगळ्या कल्पनेतल्या. त्यातली सुप्रीम रेसलिंग फेडरेशन ही बडी कंपनी मी हौसेने घेतली. लहानपणी आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो: उंची, वजन, बायसेप, रँक, ज्याचा आकडा मोठा त्याचा पत्ता. तीच खोड. ज्याचे आकडे मोठे तो जिंकला पाहिजे, आणि सगळ्यात मोठे आकडे दर आठवड्याला एकमेकांशी लढले पाहिजेत. थोड्याच महिन्यांत गेम सांगायला लागला की ही जोडी बघून प्रेक्षक कंटाळले आहेत. ड्रेसिंग रूममध्ये कुरबुर सुरू झाली, मालक नाराज झाला आणि मला घरी बसवलं.

दुसऱ्या वेळी एडिटरमध्ये (गेममधली माणसं-कंपन्या बदलायची सोय) जाऊन स्वतःचीच छोटी कंपनी काढली. नाव चाललं पाहिजे म्हणून दोन जुने नामांकित पैलवान एकेका रात्रीच्या भल्यामोठ्या बिदागीवर आणले. पब्लिक शेकड्यात आणि बिदागी हजारात. पुढचं सांगण्यासारखं काही नाही. दिवाळखोरीचा निरोप आला तेव्हा बाहेर लाईटही गेली होती.

एक गोष्ट मात्र त्या बुडण्यातून हाती लागली. शो ‘चांगला’ झाला का, हा प्रश्नच ह्या गेममध्ये चुकीचा. त्या प्रदेशात तुमच्या कंपनीची जेवढी लोकप्रियता आहे, तिच्यापेक्षा शोचा दर्जा वर गेला तर कंपनी वाढते, खाली गेला तर घटते. गेम दर्जा शाळेसारखा अक्षरांत देतो, ए-स्टार सगळ्यात वरचा. ह्याचा अर्थ लहान कंपनीला ए-स्टारची मॅच लागतच नाही. ई वाल्या कंपनीने डी चा शो दिला की गाडी पुढे सरकते. मी उगाच पहिल्या महिन्यात तोफा डागत होतो. लोकल, स्मॉल, रीजनल, कल्ट, नॅशनल अशी कंपनीच्या आकाराची शिडी आहे आणि एकेक पायरी चढायला गेममधली वर्षं जातात.

तिसऱ्या पावसाळ्यात मामा राहायला आले. त्यांच्या घराची कौलं परतायची राहून गेली होती आणि गुडघ्याने जिने चढणं बंद झालं होतं. मामांनी उभी हयात दशावतारात काढली, बहुतेक राक्षसाच्या पार्टात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटाऱ्याबरोबर बाहेर, ते पावसाच्या तोंडावर घरी. पडवीत पाय लांब करून ते माझ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. हे काय आहे ते मी पहिल्या दिवशी समजावलं, तर म्हणाले, “म्हणजे तू मालक. कोण मरतलो तां तू सांगतलंस.” तीन वर्षांत बायकोला जे पटवता आलं नाही ते मामांना एका वाक्यात कळलं.

नवी कंपनी काढताना ह्या वेळी मी आधी ‘प्रॉडक्ट’कडे बघितलं. म्हणजे कंपनीचा बाज. काही बाजांत पैलवानाचं नाव किती मोठं ह्यावर मॅचचा दर्जा ठरतो, काहींत त्याच्या अंगातल्या कसबावर. ज्याच्याकडे नाववाली माणसं नाहीत त्याने कसबाचा बाज घ्यावा. मी तोच घेतला. अमेरिकेतल्या मिड साउथ भागात बस्तान बसवलं आणि कुणी न ओळखणारी पण अंगात बळ आणि दम असलेली पोरं स्वस्तात गोळा केली. त्यांच्याबरोबर दोन उतारवयाचे गडी. त्यांचं काम जिंकणं नव्हतं. जाणत्याबरोबर झुंजून पोरांचे आकडे हळूहळू वर चढतात, म्हणून ते हवे होते. आणि एडिटरमध्ये मी माझा स्वतःचा एक खलपुरुष बनवला: दशावतारातल्या राक्षसासारखा काळा वेष, काळा मुखवटा, नावही तेच, संकासुर. मामांना फार आनंद झाला. मग लगेच म्हणाले, “आमचो संकासुर बोलता मगे. ह्यो बोलता काय?” मी त्याच्या बोलण्याचा आकडा दाखवला. वाईट होता. मी गपचूप वाढवला. एडिटरमध्ये चालतं तेवढं.

खरी शिकवणी जुलैत झाली. माझा संकासुर पहिल्या शोपासून हरत होता. खलनायक आहे, हरणारच, असा माझा हिशेब. हीरो लोकांचा लाडका, तो प्रत्येक शोमध्ये संकासुराला लोळवत होता, आणि दोघांचीही लोकप्रियता जागची हलत नव्हती. मामांनी चार शो बघितले आणि विचारलं, “ह्यो दर रविवारी मरता?”

“होय मामानू. व्हिलन आसा ना तो.”

“मगे लोक त्येका भियातले कित्याक? आधी चार जणांका मारूंदे त्येका. गावात बोंब जावंदे. राजा मोठो कोण करता? राजा नाय करणा. राक्षस करता.” थोडं थांबून, “आणि नाईट राजाक जास्त मेळता, ती गोष्ट वेगळी.” नाईट म्हणजे एका रात्रीची बिदागी.

त्या रात्री मी पुढच्या वर्षभराचा आराखडा वहीत लिहिला. गेममधल्या जय-पराजयाचं गणित मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. जिंकणारा जे कमावतो ते हरणाऱ्याच्या नावातून येतं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला दहा वेळा हरवून हाती काही लागत नाही. म्हणून आधी हरणाऱ्याची किंमत वाढवायची, मग ती एकदाच, योग्य माणसाकडे वळती करायची. टीव्हीवरच्या कुस्तीतला अंडरटेकर रेसलमेनिया ह्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये १९९१ पासून हरला नव्हता. एकवीस विजयांनंतर २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला पाडलं तेव्हा स्टेडियममधल्या लोकांचे चेहरे अजून आठवतात. एका हरण्यात तेवीस वर्षांची पुंजी लेस्नरच्या खात्यात गेली.

संकासुराने मग गेममधले दहा महिने मार दिला. पोरं त्याच्यापुढे हरली, पण सगळी एकाच तऱ्हेने नाही, आणि ह्या गेममधली अर्धी कला इथे आहे. प्रत्येक मॅचला शेवट कसा व्हावा हे बुकर सांगू शकतो. ज्याला पुढे वर न्यायचंय त्याला स्वच्छ हरवायचं नाही. संकासुराने लबाडी केली, रेफरीची पाठ होती, बाहेरचा कुणी आत घुसला असं काहीतरी. हरणाऱ्याचं नुकसान कमी होतं. शिवाय ‘ह्याला तगडा दाखवा’ अशी सूचना देता येते, म्हणजे तो हरला तरी झुंजून हरला. ज्याचा करार संपत आलाय आणि वाढवायचा नाही, त्याला मात्र सरळ चितपट. मामांचं ह्यावरचं भाष्य: “हरलो कोण तां लोक इसारतत. कसो हरलो तां नाय इसारणत.”

हीरोला ह्या काळात संकासुराच्या जवळही फिरकू दिला नाही. त्याला वेगळी भांडणं लावून दिली. हे जमवणं सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवतात. एखादा शो पडला की वाटतं, काढावी ती मॅच बाहेर, एक रविवार तरी भरून जाईल. दोनदा मी ती मॅच लावलीही होती. दोन्ही वेळा मामांनी ‘आज नको’ म्हटलं आणि मी पुसली.

शो रचण्याचंही तसंच. शेवटच्या मॅचचं वजन शोच्या दर्जात सगळ्यात जास्त, तेव्हा तिच्याआधी लोक थकता कामा नयेत. मी मधल्या मॅचेसमध्येच पब्लिक तापवून ठेवायचो आणि मुख्य मॅचला ते थंड पडायचं. मामा म्हणाले, “बाराक युद्ध लावलंस तर दोनाक मांडव रिकामो.” जुन्या दशावतारात युद्ध पहाटेकडे यायचं, त्याआधी रात्रभर नारद, विनोद, गाणं, आणि शेवटी दहीकाला. ‘स्लो बिल्ड’ नावाची सूचना गेममध्ये नेमकी ह्यासाठी आहे. मुख्य मॅचच्या आधी मी मुद्दाम एक साधी, हलकी मॅच ठेवू लागलो. लोकांना चहा प्यायला वेळ.

एका बाबतीत मात्र मामांचं ऐकून मी तोंडावर आपटलो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. मालक आख्यान सांगतो, पार्ट वाटतो, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. गेममध्ये ‘कॉल्ड इन द रिंग’ म्हणजे असंच: पैलवानांनी मॅच रिंगातच जुळवत न्यायची. मामा म्हणाले तेच खरं, बाकी सगळं पोपटपंची. मी सगळ्या मॅचेसना ते लावलं. जुन्या दोघांच्या मॅचेस सुधारल्या, कोवळ्या पोरांच्या मात्र पार कोसळल्या. पोरांना आधी बसवून दिलेलीच मॅच मानवते. मामांना हा निकाल दाखवला तर म्हणाले, “पोरां आमच्यातय तशीच. पयली पाच वर्सां म्हातारोच सगळा बोलता,” आणि हे आधी का नाही सांगितलंत, ह्यावर त्यांनी पानाचा डबा उघडला.

जोड्यांचंही असंच कळत नाही. दोन उत्तम पैलवान, आणि त्यांचं आपसात जमतच नाही. गेम त्याला केमिस्ट्री म्हणतो आणि ती आधी दिसत नाही, मॅच झाल्यावरच कळते. म्हणून मोठ्या मॅचमध्ये नवी जोडी कधीच घालू नये. आधी शो सुरू होण्यापूर्वीच्या फुटकळ मॅचमध्ये एकदा आजमावून घ्यावी. संकासुर आणि हीरो ह्यांचं आपसात जमतं हे मी सुरुवातीच्या मॅचेसमध्येच टिपून ठेवलं होतं. हा त्या पावसाळ्यातला माझा एकमेव शहाणपणा, जो मामांचा नव्हता.

अखेर ती मॅच गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी आली. आमच्याकडच्या गोपाळकाल्याच्या, गेममध्ये मे महिना होता. मी वीस मिनिटं दिली, दोघांचा दम तेवढा पुरतो हे बघूनच. स्लो बिल्ड, शेवट स्वच्छ. बटण दाबलं. बी आला. माझ्या कंपनीत तोवर सी चाही उत्सव व्हायचा. मामांना बी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, मग त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “राक्षस बरो पडलो मां?”

आणि आठच दिवसांत (गेममधल्या) निरोप आला की एका बड्या कंपनीने संकासुराला लेखी करार देऊ केला आणि त्याने तो घेतला. माझ्याकडे सगळे रात्रीच्या बिदागीवर होते. लेखी कराराइतके पैसे छोट्या कंपनीजवळ नसतात, आणि बिदागीवरच्या माणसाला मोठे लोक कधीही उचलतात. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. मी दहा मिनिटं लॅपटॉपला शिव्या दिल्या. मामा हसत होते. तेही एकदा पाच रुपये जास्त नाईट मिळते म्हणून भर जत्रेच्या हंगामात मंडळ सोडून गेले होते, आणि मालकाने शेवटच्या रात्री त्यांना राक्षस न देता द्वारपाल दिला होता.

हातात एक शो होता. कुस्तीच्या धंद्यात रीत अशी की जाणारा जाताना हरून जातो, आपलं नाव मागच्यांसाठी ठेवून. ही रीत मोडायला निघालं की काय होतं ते ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये दिसलं. चॅम्पियन ब्रेट हार्ट दुसऱ्या कंपनीत निघाला होता, शेवटच्या महिन्यात आपल्या पात्राबद्दल शब्द टाकायचा हक्क त्याच्या करारात होता, आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. तेव्हा मालक व्हिन्स मॅकमोहनने त्याला न सांगता घंटा वाजवायला लावून मॅच मायकल्सला दिली. गेममध्येही ‘क्रिएटिव्ह कंट्रोल’ कराराच्या कलमात घालता येतो आणि बडी नावं तो मागतातच. पहिल्या कंपनीत मी तो खिरापतीसारखा वाटला होता. ह्या वेळी कुणालाच दिला नव्हता, त्यामुळे संकासुराला नाही म्हणता येणार नव्हतं.

पण हरवायचं कुणाकडून? हीरोला आता गरज नव्हती. मी यादी वरखाली करत राहिलो. शेवटी मामांनी बोट ठेवलं ते एका एकोणीस वर्षांच्या पोरावर, ज्याला संकासुराने त्या दहा महिन्यांतल्या पहिल्याच महिन्यात लबाडीने हरवलं होतं. मी विसरलो होतो. मामा नव्हते विसरले.

बारा मिनिटांची मॅच, शेवट स्वच्छ. सी आला आणि पोराचं नाव एका रात्रीत दुप्पट झालं. सप्टेंबरात किल्ल्याच्या होड्या सुरू झाल्या, आमच्याकडे कोल्हापूरचे पाहुणे आले आणि लॅपटॉप कपाटात गेला. मामा आपल्या घरी गेले, कौलं परतून झाली होती. चतुर्थीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा आरतीच्या आधी बाजूला घेऊन म्हणाले, “त्या पोराक आता पंधरा दिवस जिंकूक देव नको हां.”