खाणारी माणसं आणि कारडावरची माणसं

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. या आकड्यावरून कोकणाचं कौतुक होतं, पण सहा वर्षांच्या आतल्या मुलांचा तक्ता पाहिला तर तिथे रत्नागिरीतही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. मग मोठेपणी बायका जास्त कशा? पुरुष मुंबईला गेलेत म्हणून. हे डोळ्यांनी पाहायचं म्हणून संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात गेले.

एसटी सोडते तिथून जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते. गाव एका जागी नाहीच. कुणबीवाडी, तेलीवाडी, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडून बौद्धवाडी, अशा वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. जनगणनेच्या पुस्तिकेत गावाची एक ओळ असते: कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती, साक्षर, शेतकरी, शेतमजूर. त्या ओळीतला अनुसूचित जातींचा आकडा इथे पऱ्यापलीकडे वेगळा राहतो, हे ओळीत दिसत नाही.

कुणबीवाडीत निम्म्या घरांना कुलूप. एका पडवीत आजी कुळीथ पाखडत होत्या. घरात माणसं किती, असं विचारलं.

"खाणारी सांगू की कारडावरची?"

खाणाऱ्या दोघी, त्या आणि सून. रेशनकार्डावर सात नावं. मुलगे नालासोपाऱ्याला, मतदान मात्र अजून गावातच. शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या आजींच्या फडताळात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. गणपतीच्या आधी त्याच घरं उघडून झाडून ठेवतात.

म्हणजे एकाच गावाचे तीन आकडे: मतदारयादीतला, रेशनचा आणि जनगणनेचा. जनगणनेत माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो, त्यामुळे चाकरमानी मुंबईकडे जमा होतात आणि ते बरोबरच आहे. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, शिमगा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. पालखी नाचवायला आलेलं गाव आणि मोजलेलं गाव यांत जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर होतं! २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली.

हा हिशेब कोरडा नाही. ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत लोकसंख्येला मोठं वजन होतं, आणि लोकसंख्या २०११ ची. नळपाणी योजना मात्र गणपतीत भरलेल्या घरांनाही पुरावी लागते. ग्रामपंचायतीत भेटलेल्या सरपंचताई हेच पोटतिडकीने सांगत होत्या. वाड्या लांब लांब असल्याने पाइपही जास्त लागतो, माणसं कमी असली तरी. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं.

शाळेचा पट बोटांवर मोजण्याइतका. लावणी, गुरं, ग्रामसभा, आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत नेणं, सगळं बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर. ११२२ मधल्या कित्येकींचं वय साठीच्या पुढे आहे. त्यांच्या गुडघ्यांची तपासणी करणारा डॉक्टर वाडीपर्यंत येत नाही, याचा मला संताप आला.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो, बहुतांश भारतासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. शिमगा याही वेळी मार्चातच, मोजणीनंतर. प्रगणक पाखाडी चढून येईल तेव्हा कुलूपबंद घरांची माहिती आजींनाच विचारेल.